सिस्टर संगणकावर काय करत असतात? रुग्ण आणि नातेवाईकांसाठी माहिती

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. आईला दुपारी ॲडमिट केले आहे. सलाईन संपत आले म्हणून तुम्ही नर्सिंग स्टेशनवर जाता, तर सिस्टर संगणकात काहीतरी भरत बसलेल्या. "दोन मिनिटं, आलेच," एवढे म्हणून त्या पुन्हा स्क्रीनकडे बघतात. तुमच्या मनात येते, "पेशंट इकडे आणि यांचे लक्ष तिकडे!"

सोलापुरात माझ्या दवाखान्यात येणारे अनेक नातेवाईक ही तक्रार करतात. ती अगदीच चुकीची नाही आणि पूर्ण बरोबरही नाही. रुग्णालयातला संगणक नीट वापरला, तर सिस्टरचे लिहिणे आणि धावाधाव कमी होते आणि तो वेळ तुमच्या रुग्णाला मिळतो. चुकीच्या पद्धतीने आणला, तर तोच संगणक त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम होऊन बसतो. हा फरक कुठे पडतो आणि त्यात तुमचा वाटा काय, हे या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

- सिस्टर संगणकावर जे भरतात, तो तुमच्या रुग्णाच्या उपचाराचाच भाग असतो.
- संगणकाचा सर्वात मोठा फायदा औषधांच्या चुका टाळण्यात आणि बिघडणारी तब्येत लवकर ओळखण्यात होतो.
- कागद आणि संगणक दोन्ही भरावे लागले, तर नर्सचे काम वाढते.
- अपुऱ्या नर्सची जागा संगणक भरून काढू शकत नाही.
- नाव, ॲलर्जी, चालू औषधे ही माहिती अचूक देणे हे तुमच्या हातात आहे.
- तब्येत अचानक बिघडली, तर स्क्रीनवर काय दिसते याची वाट पाहू नका. लगेच सिस्टरना बोलवा.

नर्सचा वेळ जातो कुठे?

आपल्याला दिसते ते इंजेक्शन, सलाईन आणि ड्रेसिंग. पण एका पाळीत सिस्टर याशिवाय बरेच काही करतात. ड्युटीवर येताच आधीच्या सिस्टरकडून प्रत्येक रुग्णाची माहिती घेणे, ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजून लिहिणे, डॉक्टरांनी राउंडमध्ये सांगितलेल्या ऑर्डर चार्टवर उतरवणे, औषधांची मागणी लिहून पाठवणे, लॅबचे नमुने पाठवणे, रिपोर्टसाठी फोन करणे, लघवीचे आणि सलाईनचे माप ठेवणे, डिस्चार्जची कागदपत्रे जुळवणे आणि शेवटी पुढच्या पाळीला सगळे समजावून सांगणे.

हिशेब करून पाहा. वॉर्डात ३० रुग्ण आहेत. प्रत्येकाचे ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब हे चार आकडे दिवसातून तीन वेळा लिहायचे, म्हणजे रोज ३६० आकडे झाले. प्रत्येकाला दिवसभरात दहा वेळा काही ना काही औषध द्यायचे असेल, तर ३०० डोस. प्रत्येक डोस देताना पाच गोष्टी तपासायच्या असतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ.

अमेरिकेत ३६ रुग्णालयांतल्या नर्सच्या वेळेची मोजणी करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नर्सच्या कामाच्या वेळेपैकी ३५ टक्के वेळ नोंदी करण्यात जात होता. प्रत्यक्ष रुग्णसेवेला मिळत होता सुमारे १९ टक्के. आपल्याकडची कामाची पद्धत वेगळी आहे, पण लिहिण्याचे ओझे कुठल्याही वॉर्डातल्या सिस्टरना विचारा, त्या हेच सांगतील.

त्यात मनुष्यबळाचा प्रश्न आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात ३ रुग्णांमागे १ नर्स हवी. तीन पाळ्यांत वाटणी केली, की एका पाळीत ९ रुग्णांमागे १. रात्री वॉर्डात एकच सिस्टर असेल, तर हा निकष किती दूर राहतो ते तुम्हीच मोजू शकता.

एक जुना प्रसंग

एमबीबीएस झाल्यावर काही काळ मी एका रुग्णालयात रात्रपाळी करत होतो. आपल्या भागात सिद्धाराम, सिद्धेश्वर, मल्लिकार्जुन, नागनाथ ही नावे घरोघरी असतात. एका रात्री पुरुषांच्या वॉर्डात एकाच नावाचे दोन आजोबा होते. एकाला मधुमेह होता, दुसऱ्याला नव्हता. संध्याकाळी खिडकीजवळचा पंखा बंद पडला म्हणून दोघांचे बेड बदलले गेले. मी इन्सुलिनची ऑर्डर लिहिली ती घाईत, बेड नंबर टाकून.

सिस्टर सिरिंज भरून त्या बेडपाशी गेल्या. नाव विचारले, तेही जुळले. तेवढ्यात पायथ्याशी बसलेला नातू म्हणाला, "आजोबांना शुगर नाही ओ." सिस्टर थांबल्या, मला बोलावले आणि चूक सापडली.

ते इन्सुलिन दिले गेले असते, तर त्या आजोबांची साखर रात्री झोपेतच घसरली असती. चूक माझ्या लिहिण्यात होती. ती पकडली गेली ती नातवामुळे आणि सिस्टरनी त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यामुळे. त्या रात्री त्यांच्याकडे तीसच्या वर रुग्ण होते. अशा वेळी चूक पकडायला केवळ नशिबावर अवलंबून राहावे लागू नये, यासाठी संगणकाची मदत होते.

संगणक नर्सचे कोणते काम हलके करतो?

*१. रुग्णाची ओळख*

ॲडमिट करताना रुग्णाला एक क्रमांक मिळतो आणि मनगटावर पट्टा बांधला जातो. त्यावर नाव, वय, रुग्ण क्रमांक आणि काही ठिकाणी बारकोड असतो. बेड बदलला तरी पट्टा रुग्णासोबतच राहतो. ओळख पटवताना किमान दोन गोष्टी जुळवायच्या असा नियम आहे, उदाहरणार्थ पूर्ण नाव आणि रुग्ण क्रमांक. बेड किंवा खोलीचा नंबर ही ओळख धरत नाहीत. वरच्या प्रसंगावरून त्याचे कारण लक्षात येईल.

*२. औषधे देणे*

कागदावर एका औषधाचा प्रवास असा असतो: डॉक्टर केस पेपरवर लिहितात, सिस्टर ते चार्टवर उतरवतात, मागणीच्या वहीत पुन्हा लिहितात, औषध आले की नोंद आणि दिल्यावर आणखी एक नोंद. प्रत्येक वेळी उतरवताना चूक होऊ शकते. त्यात डॉक्टरांचे अक्षर! डोपामाइन आणि डोब्युटामाइन ही दोन औषधे नावाने जवळची, पण कामाने वेगळी. घाईत लिहिलेले वाचताना गोंधळ होणे अवघड नाही.

संगणकात डॉक्टर ऑर्डर एकदाच टाइप करतात. तीच औषध विभागाला दिसते आणि तीच सिस्टरच्या यादीत येते. मधले उतरवून काढणे संपते. चांगल्या प्रणालीत ॲलर्जीची नोंद असेल, तर इशाराही मिळतो. रुग्णाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे आणि कोणी अमॉक्सिसिलिन लिहिले, तर ही दोन्ही एकाच कुळातली औषधे आहेत हे संगणक लक्षात आणून देतो.

त्यापुढची पायरी म्हणजे बारकोड. सिस्टर आधी रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करतात, मग औषध. दोन्ही जुळले नाही, तर स्क्रीनवर इशारा येतो. ही कल्पना एका नर्सलाच सुचली होती. अमेरिकेतील टोपेका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९२ मध्ये भाड्याची गाडी परत करताना तिथल्या कर्मचाऱ्याला हातातल्या स्कॅनरने नोंद करताना पाहिले. गाड्यांसाठी हे होऊ शकते, तर औषधांसाठी का नाही, असा विचार त्यांनी केला. पुढे तिथल्या माजी सैनिकांच्या सर्व रुग्णालयांत ही पद्धत लागू झाली.

याचा उपयोग किती होतो? बोस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने २०१० मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. बारकोड नसलेल्या वॉर्डांत वेळेची चूक सोडून इतर चुकांचे प्रमाण ११.५ टक्के होते, बारकोड असलेल्या वॉर्डांत ६.८ टक्के. ऑर्डर चार्टवर उतरवताना होणाऱ्या चुका तर पूर्णपणे थांबल्या. तरीही ६.८ टक्के चुका राहिल्याच, हेही लक्षात ठेवा. यंत्र मदत करते, हमी देत नाही.

*३. बिघडणारी तब्येत लवकर ओळखणे*

मोजलेले आकडे वहीत पडून राहिले, तर त्यांचा उपयोग होत नाही. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये न्यूज ही गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, रुग्णाला ऑक्सिजन लावला आहे का, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात. एकूण ५ किंवा जास्त गुण आले, तर डॉक्टरांनी तातडीने पाहावे. ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी समजावी. गर्भवती स्त्रिया आणि १६ वर्षांखालील मुलांसाठी ही पद्धत नाही.

एक उदाहरण पाहा. रुग्ण शुद्धीवर आहे, बोलतो आहे, ऑक्सिजन लावलेला नाही.

- श्वास मिनिटाला २२: २ गुण
- ऑक्सिजन ९४: १ गुण
- वरचा रक्तदाब १०५: १ गुण
- नाडी ११२: २ गुण
- ताप १०१ फॅरनहाइट: १ गुण

एकेक आकडा पाहिला, तर घरचा माणूस म्हणेल, "ताप आहे थोडा, बाकी ठीक आहे." बेरीज मात्र ७ येते. संगणकात आकडे भरताच ही बेरीज आपोआप होते आणि स्क्रीनवर रंग बदलतो. वहीत तीच बेरीज मध्यरात्री ३० रुग्णांसाठी डोक्यात करावी लागते.

सिस्टर आकडे भरत बसल्या आहेत असे तुम्हाला वाटते, तेव्हा अनेकदा हेच चाललेले असते.

*४. रिपोर्ट आणि चकरा*

लॅबचा रिपोर्ट थेट वॉर्डातल्या स्क्रीनवर दिसला, तर फोन करणे, मामा किंवा मावशींना पाठवणे आणि कागद शोधणे वाचते. रक्तातले पोटॅशियम धोकादायक पातळीवर गेले असेल, तर रिपोर्टचा कागद वर येईपर्यंत थांबावे लागत नाही. औषधांची मागणी, रक्तपेढीची विनंती आणि आहाराची सूचना यांचेही तसेच.

*५. पाळी बदलताना माहिती देणे*

सकाळची पाळी संपून दुपारची सुरू होताना माहिती निसटण्याचा धोका मोठा असतो. संगणकात प्रत्येक रुग्णाचा सारांश ठरलेल्या क्रमाने तयार मिळतो: आत्ता काय त्रास आहे, आधीचा आजार कोणता, सध्याची स्थिती कशी आहे आणि पुढे काय करायचे आहे. "अरे हो, सांगायचे राहिलेच," असे होणे त्यामुळे कमी होते. तरीही दोन्ही सिस्टरनी रुग्णाच्या बेडपाशी उभे राहून बोलणे उत्तम.

*६. डिस्चार्ज*

सोडायचे सांगितल्यानंतर तासन्‌तास ताटकळावे लागते, ही सर्वांची तक्रार. औषधांची यादी, रिपोर्ट, बिल आणि डिस्चार्ज कार्ड एकाच प्रणालीत असेल, तर हा वेळ कमी होतो. कार्डही छापील मिळते. वाचता येते, हा छोटा फायदा नाही.

संगणकामुळे ओझे कधी वाढते?

दुसरी बाजूही सांगायला हवी.

- दोनदा लिहिणे. संगणक आला, पण वह्या बंद झाल्या नाहीत. आधी कागदावर, मग संगणकात. अशा वॉर्डात सिस्टरचे काम वाढते आणि राग संगणकावर निघतो.
- एकच संगणक. चाळीस खाटांच्या वॉर्डात एक संगणक असेल, तर रांग लागते. मग आकडे हातावर किंवा चिठ्ठीवर लिहून नंतर भरले जातात. बेडपाशी नेता येईल असा टॅब किंवा ट्रॉलीवरचा संगणक असेल, तरच खरा वेळ वाचतो.
- वीज आणि नेट. दोन्हींपैकी एक गेले की काम थांबते. म्हणून बॅटरी बॅकअप आणि कागदाची पर्यायी व्यवस्था लागतेच.
- सतत वाजणारे इशारे. मॉनिटर दर दोन मिनिटांनी विनाकारण वाजत राहिला, तर कान मरतो. मग खरा इशाराही नेहमीचाच वाटतो. कोणता इशारा कधी द्यायचा, हे नीट ठरवावे लागते.
- जुनी नोंद तशीच पुढे ढकलणे. कालची नोंद एका बटणावर आज उतरवता येते. सोय खरी, पण कालची तब्येत आजची म्हणून नोंदली जाऊ शकते.
- नर्सना न विचारता केलेली रचना. एक नोंद करायला दहा वेळा क्लिक करावे लागत असेल, तर ती प्रणाली वॉर्डात काम करणाऱ्यांना विचारून केलेली नसते.

महाराष्ट्रात आणि सोलापुरात काय चित्र आहे?

सोलापूरच्या रुग्णांना संगणकावरच्या कागदपत्रांची सवय तशी जुनी आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होता. आज हीच योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. तिच्यात उपचाराची मंजुरी संगणकावरून घेतली जाते. त्यासाठी लागणाऱ्या कागदांत वॉर्डातल्या नोंदीही येतात. म्हणजे सिस्टरनी वेळेवर केलेली नोंद तुमच्या मोफत उपचाराशीही जोडलेली असते.

आपले सिव्हिल हॉस्पिटल, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. सोलापूर जिल्ह्याबरोबरच धाराशिव आणि सीमेपलीकडच्या विजयपुरा, कलबुर्गी भागांतूनही रुग्ण सोलापुरात येतात. इतक्या दूरचा रुग्ण पुन्हा आला, की त्याचे जुने कागद सापडणे ही मोठी अडचण असते. संगणकातली नोंद तिथे उपयोगी पडते.

राज्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी एचएमआयएस नावाची संगणक प्रणाली होती. जुलै २०२२ मध्ये ती बंद झाली आणि रुग्णालयांना पुन्हा कागद-पेनाकडे वळावे लागले. पुढे केंद्र सरकारच्या एनआयसी या संस्थेची ई-हॉस्पिटल प्रणाली आणण्यात आली. यातून रुग्णांनी घ्यायचा धडा सोपा आहे: प्रणाली कितीही चांगली असो, आपल्या महत्त्वाच्या रिपोर्टची एक प्रत घरी असलीच पाहिजे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झाले. त्यात प्रत्येकाला १४ अंकी आभा क्रमांक काढता येतो. ही सोय असलेल्या रुग्णालयात ओपीडीबाहेरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन केला, की तुमचे नाव आणि पत्ता थेट नोंदणी खिडकीवर जातो आणि टोकन मिळते. रांग कमी होते आणि नावाचे स्पेलिंगही चुकत नाही.

संगणक काय करू शकत नाही?

घाबरलेल्या रुग्णाचा हात धरणे, ओठ कोरडे पडलेत हे पाहून पाण्याचा थेंब देणे, "आज आजी नेहमीसारख्या बोलत नाहीत" हे ओळखणे, पाठीवर जखम होऊ नये म्हणून कूस बदलणे. हे काम माणसाचेच आहे.

म्हणून संगणक आला, आता नर्स कमी चालतील, असे कोणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे. संगणकामुळे वाचलेला वेळ रुग्णाच्या बेडपाशी गेला पाहिजे. वाचलेल्या वेळात आणखी दहा रुग्ण त्याच सिस्टरकडे दिले, तर रुग्णाच्या पदरात काहीच पडत नाही.

तुम्ही काय करू शकता?

*ॲडमिट होताना*

- आधार कार्डावर आहे तसेच पूर्ण नाव सांगा. घरातले हाक मारायचे नाव नको. प्रत्येक वेळी तेच नाव द्या, नाहीतर संगणकात एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात.
- ॲलर्जी स्वतःहून सांगा. "मागे एका इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या" एवढे आठवत असेल, तरी सांगा.
- चालू गोळ्या पाकिटासकट आणा. "बीपीची पांढरी गोळी" यावरून नोंद करता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी, इन्सुलिन, फिटची गोळी आणि आयुर्वेदिक काढे, सगळे सांगा.
- पट्ट्यावरचे नाव आणि वय स्वतः वाचून पाहा. चुकले असेल तर तेव्हाच बदलून घ्या.
- रुग्णाला मराठी नीट येत नसेल, फक्त तेलुगू, कन्नड किंवा उर्दू येत असेल, तर सिस्टरना सांगा. त्या भाषेत बोलणारे घरातले कोणीतरी जवळ ठेवा.

*वॉर्डात*

- प्रत्येक औषधाआधी सिस्टरनी नाव विचारले, तर रागावू नका. "सकाळपासून चार वेळा सांगितले" हे खरे असले, तरी पाचव्यांदा सांगा. रुग्णाने स्वतः नाव सांगणे सर्वात चांगले.
- पट्टा काढू नका, दुसऱ्या हातावर बांधू नका. ओला होऊन फाटला, तर नवा मागून घ्या.
- "हे कशासाठी आहे?" असे प्रत्येक नव्या औषधाबद्दल विचारा. तो तुमचा हक्क आहे. त्या नातवाने तेवढेच केले होते.
- मॉनिटरचा आवाज स्वतः बंद करू नका. सलाईनचा वेगही बदलू नका.
- सिस्टर औषध काढत असतील किंवा मोजत असतील, तर तातडीचे नसलेले काम दोन मिनिटांनी सांगा. लक्ष विचलित झाले, की चूक होते.
- एका रुग्णामागे एकाच नातेवाइकाने चौकशी करावी आणि बाकीच्यांना कळवावे. सहा जणांनी सहा वेळा तेच विचारले, तर सिस्टरचा तेवढा वेळ इतर रुग्णांचा जातो.

*घरी जाताना*

- डिस्चार्ज कार्डावरचे नाव, निदान, औषधे आणि पुढची तारीख तिथेच वाचून घ्या.
- आधीच्या कोणत्या गोळ्या बंद करायच्या आणि कोणत्या चालू ठेवायच्या, हे स्पष्ट विचारा.
- कार्डाचा आणि रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मूळ कागद फाइलमध्ये ठेवा.

स्क्रीनची वाट न पाहता लगेच कधी सांगावे?

पुढीलपैकी काहीही दिसले, तर सिस्टर संगणकावर असोत किंवा फोनवर, लगेच बोलवा:

- श्वास घेताना त्रास होणे, श्वास खूप वेगाने चालणे
- रुग्ण अचानक गोंधळणे, असंबद्ध बोलणे, जागे न होणे
- छातीत दुखणे, दरदरून घाम येणे
- चेहरा वाकडा होणे, हात किंवा पाय लुळा पडणे
- फिट येणे
- जखमेतून किंवा कुठूनही जास्त रक्त जाणे
- औषध सुरू होताच अंगावर पुरळ येणे, ओठ सुजणे, घसा आवळणे
- मधुमेहाच्या रुग्णाला थरथर, घाम, चक्कर

मॉनिटर वाजला नाही म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका. घरच्या माणसाला जो बदल जाणवतो, तो यंत्राला नंतर कळू शकतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आभा क्रमांक सक्तीचा आहे का?*
नाही, तो ऐच्छिक आहे. क्रमांक नाही म्हणून उपचार नाकारले जाऊ शकत नाहीत. क्रमांक काढला तरी तुमचे रिपोर्ट दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचे का, हे तुमच्या संमतीवर असते.

*माझी माहिती कोणीही पाहू शकते का?*
चांगल्या प्रणालीत प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा पासवर्ड असतो आणि कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद राहते. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही केला आहे. तुमच्याकडूनही काळजी हवी: स्क्रीनचे किंवा दुसऱ्या रुग्णाच्या कागदांचे फोटो काढू नका, आणि फोनवर कोणी मागितलेला ओटीपी देऊ नका.

*संगणक बंद पडला तर उपचार थांबतात का?*
थांबू नयेत. अशा वेळी कागदावर नोंदी होतात आणि नंतर संगणकात भरल्या जातात. या काळात औषधाआधी नाव आणि ॲलर्जीची आठवण तुम्ही आवर्जून करून द्या.

*कृत्रिम बुद्धिमत्ता नर्सची जागा घेईल का?*
आकड्यांवर नजर ठेवणे, सारांश लिहिणे, गादीखालच्या सेन्सरने श्वास आणि नाडी मोजणे, अशा कामांत तिची मदत होऊ लागली आहे. पण इशारा आल्यावर बेडपाशी जाऊन रुग्णाला तपासणारे आणि निर्णय घेणारे माणूसच लागते.

*सिस्टर खरेच दुर्लक्ष करत असतील तर?*
आधी त्यांच्याशी शांतपणे बोला. उपयोग झाला नाही, तर इंचार्ज सिस्टर किंवा ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा. त्यानंतर रुग्णालयाच्या तक्रार कक्षात लेखी द्या. आवाज चढवल्याने किंवा अंगावर धावून गेल्याने तुमच्याच रुग्णाचे नुकसान होते.

शेवटी

आता पुन्हा त्या रात्रीच्या साडेनऊच्या प्रसंगाकडे येऊ. सिस्टर स्क्रीनसमोर आहेत. कदाचित त्या तुमच्या आईचा रक्तदाब भरत असतील आणि तो कालपेक्षा कमी झाल्याचे त्यांना तिथेच दिसत असेल. दोन मिनिटांनी त्या येतील. आल्या, की सलाईनबरोबर आणखी एक गोष्ट सांगा: "सिस्टर, आईला सल्फाच्या गोळीची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे नोंद आहे ना?" नसेल, तर त्या परत जाऊन ती भरतील. तेव्हा त्यांना संगणकावर बसू द्या.

*महत्त्वाची सूचना: हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. यातील गुणपद्धत नातेवाइकांनी स्वतः वापरून निदान करण्यासाठी नाही. रुग्णाच्या उपचारांबाबत आपल्या डॉक्टरांचाच सल्ला घ्या.*